आधी तुमचं ताट वाढा

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ४७ वर्षांची आहे. तासगाव तालुक्यात राहते, आमची द्राक्षबाग आहे. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली. आधी मेटफॉर्मिनची एकच गोळी होती. दोन महिन्यांपूर्वी रक्तातल्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.९ टक्के आली, म्हणून ग्लिमेपिराइडची दुसरी गोळी सुरू झाली. वजन ६८ किलो, उंची पाच फूट एक इंच. भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, रोज तासभर चाला, असं सांगितलं होतं. पंधरा दिवस केलं. पण घरच्यांचा वेगळा आणि माझा वेगळा असा दोनदा स्वयंपाक होईना, मग सुटलंच. आत्याबाईंना साडेसातला जेवायला लागतं, मुलगी क्लासवरून आठला येते, हे बागेतून दहाला येतात. मी यांच्याबरोबर शेवटी जेवते. सोमवार आणि संकष्टी धरते. मागच्या संकष्टीला संध्याकाळी दरदरून घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. पाळी हल्ली अनियमित झालीय, आली की अंगावरून खूप जातं, त्यामुळेच होत असेल म्हणून कुणाला बोलले नाही. राजगिऱ्याचा लाडू खाल्ल्यावर बरं वाटलं. गुडघे दुखतात, तळपायांची आग होते. शेजारच्या वहिनींनी कारलं-जांभळाची पावडर दिलीय, तीही घेते. आत्याबाई म्हणतात, चहात साखर जास्त घेतलीस म्हणून हे झालं. खरं सांगा, या वयात बदलून आता काही उपयोग आहे का? गोळ्या सुटतील का? आणि घरच्यांना त्रास न देता हे कसं करायचं?"

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नांकडे येते, पण त्याआधी त्या संकष्टीबद्दल बोलू. ते पुढच्या संकष्टीपर्यंत लांबवण्यासारखं नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय ते पाळीमुळे झालेलं वाटत नाही, शुगर उतरल्याचं वाटतं. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न गेलंय की नाही हे ती बघत नाही, आणि तिचा अंमल जवळजवळ दिवसभर टिकतो. सकाळी गोळी घेतली, दिवसभर चहा आणि चार शेंगदाण्यांवर काढला आणि चंद्रोदयाची वाट बघत बसलात, तर संध्याकाळी शुगर खाली येणार हे ठरलेलंच. नुसत्या मेटफॉर्मिनवर तुम्ही चार वर्षं उपास केलेत आणि काही झालं नाही, कारण मेटफॉर्मिन एकटी असली की शुगर सहसा इतकी उतरत नाही. दुसरी गोळी आल्यावर हिशेब बदलला आणि तो तुम्हाला कुणी समजावून सांगितला नाही.

पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा येतात, घाम येतो, हे खरं आहे. पण ती उष्णता बहुतेक वेळा छातीतून मानेकडे आणि चेहऱ्याकडे चढते, काही मिनिटांत ओसरते आणि तिला खाण्याशी देणंघेणं नसतं. शुगर उतरते तेव्हा घाम गार असतो, हात कापतात, छाती धडधडते, एकदम भूक लागते, काही सुचेनासं होतं, आणि खाल्ल्यावर बरं वाटतं. तुम्हाला लाडवानं बरं वाटलं, ही खूण मला पुरेशी आहे. तरी अंदाजावर राहू नका. घरात ग्लुकोमीटर नसेल तर घ्या, आणि असं वाटलं की लगेच बोटातून तपासा. आकडा ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. लाडू नको, तो पचायला वेळ घेतो. पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत साखर घ्या, आणि आकडा वर आला की नीट काहीतरी खा. तपासायला मशीन हाताशी नसेल तरी थांबू नका, आधी साखर घ्या. हे मुलीला आणि आत्याबाईंनाही शिकवून ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हेही त्यांना सांगा.

आणि या आठवड्यातच डॉक्टरांकडे जाऊन हा प्रसंग सांगा. उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, की गोळीच बदलायची, हे ते ठरवतील. स्वतःच्या मनानं बंद करू नका. तोवर सोमवार आणि संकष्टी दोन्ही थांबवा. आजारी माणसाला उपासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, बाळंतिणीला आणि लहान मुलांना देतो तशीच. आत्याबाईंना हे पटायला जड जाणार नाही.

ती कारलं-जांभळाची पावडरही आजपासून ठेवून द्या. कारल्याची भाजी पाहिजे तेवढी खा, चांगलीच आहे. पण ज्या डब्यावर काय घातलंय हे लिहिलेलं नाही ते पोटात घालू नका. अशा काही चूर्णांत तपासणीअंती ॲलोपॅथीची शुगर उतरवणारी औषधं मिसळलेली सापडली आहेत. तुम्ही आधीच ग्लिमेपिराइड घेताय, त्यावर हे नको. वहिनींनी मायेनं दिलंय, तेव्हा त्यांना न दुखवता सांगा की डॉक्टरांनी सगळं बाहेरचं थांबवायला सांगितलंय. माझ्या नावावर खपवलंत तरी चालेल.

आता आत्याबाईंच्या बोलण्याविषयी. चहातल्या साखरेनं तुम्हाला मधुमेह झाला असं नाही. २०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीचे आकडे आले, तेव्हा भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं. हे सगळे काही साखरखाऊ नव्हते. आपल्या शरीराची ठेवणच अशी आहे की वजन फार नसलं तरी पोटाभोवती आणि आतल्या अवयवांत चरबी साठते आणि स्नायू कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर उभी हयात काम केलं. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच शेजारी शेजारी फोटो छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बघणाऱ्याला दोघंही सडसडीतच दिसतात. म्हणून आपल्याकडे बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं असतं, काट्यावरचा आकडा काहीही असो. त्यात तुमच्या आईवडिलांपैकी कुणाला शुगर होती का, बाळंतपणात तुमची शुगर वाढली होती का, या गोष्टीही येतात. यात तुमचा अपराध कुठेच नाही आणि कुणी तसं म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

मात्र चहाचा प्रश्न वेगळा आहे. आता शुगर आहे, तर चहा मोजायलाच हवा. बागायतदाराच्या घरात दिवसभर माणसांची ये-जा असते. औषधवाला येतो, व्यापारी येतो, छाटणीची टोळी येते, आणि प्रत्येकाबरोबर अर्धा अर्धा कप करत तुमचे पाच कप होत असतील. दोन चमच्यांनी दहा चमचे झाले, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. गूळ घातला तरी शुगरच्या दृष्टीनं तेच. पाहुण्यांना द्या, स्वतः सकाळ-दुपार दोन कप बिनसाखरेचे घ्या. पहिले पंधरा दिवस तोंड वाकडं होईल, पुढे गोड चहा नकोसा होतो. आणि तुमच्या भागात घरोघरी असते ती बेदाण्यांची पिशवी! येता-जाता चार तोंडात टाकायची सवय असेल तर ती मोडा. बेदाण्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो.

पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य साखरेचं नाही. 'मी यांच्याबरोबर शेवटी जेवते', हे आहे. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय. मी मात्र तिथेच थांबले, कारण तुमचं ८.९ बहुतेक तिथंच तयार होतंय.

शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरतं ते बघा. उसळ वाटीभर केलेली असते, ती आत्याबाईंना, मुलीला आणि मालकांना वाढता वाढता संपते. भाजीच्या कढईत तेल आणि मसाला राहतो. काकडी मुलीनं खाल्लेली असते. कालवणाचा वरचा रस्सा असतो, डाळ तळाशी जाऊन दुसऱ्याच्या वाटीत गेलेली असते. उरतो तो भात आणि भाकऱ्या. मग भात टाकायचा कसा, म्हणून तोही तुमच्याच पोटात. म्हणजे घरात ज्या एका माणसानं भाजी आणि उसळ जास्त, भात आणि भाकरी कमी खायला हवी, नेमकं तिच्या ताटात उलटं पडतं. तेही रात्री दहा-साडेदहाला, साडेसातपासून भूक मारून. भूक मारताना अधूनमधून चिवडा, बिस्किट, मुलीच्या ताटातलं उरलेलं, हेही चालू असणार. जेवलात की भांडी आवरून झोप. रात्रभर शुगर वर राहते आणि सकाळची उपाशीपोटीची शुगरही चढलेली येते. सकाळी पुन्हा रात्रीचा भात फोडणी देऊन तुम्हीच संपवता, कारण बाकीच्यांना गरम पोहे लागतात.

तुम्हाला 'भात बंद' सांगणाऱ्यानं हे विचारलं नाही. भात बंद केला आणि शेवटी जेवणं तसंच राहिलं, तर दोन भाकऱ्यांच्या तीन होतात. शाळूची भाकरी चांगली असते, पण तिनं शुगर वाढत नाही हा समज खोटा आहे. पोळी, भात, भाकरी सगळ्यांत पिष्ट आहे. भाकरीत चोथा जास्त म्हणून शुगर थोडी सावकाश चढते, इतकंच.

म्हणून मी तुम्हाला एकच मोठा बदल सांगणार आहे, बाकीचे लहान. तुम्ही आत्याबाईंबरोबर जेवायला बसा. साडेसातला, फार तर आठला. मालक दहाला येतील तेव्हा त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असेल, किंवा ते वाढून घेतील. त्यांच्याजवळ बसून गप्पा मारा, ती वेळ तुमच्या दोघांची आहे हे मला कळतं. पण तुमचं ताट त्या वेळी नको.

मला माहीत आहे की कागदावर हे एका ओळीत लिहून होतं आणि घरात त्याला महिना लागतो. नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही हे तुम्हाला कुणी बसून शिकवलेलं नसेल, तुम्ही ते आईचं बघितलं आणि आत्याबाईंचंही. मोडताना आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटेल. म्हणून एकदम मोडू नका. रोजच्याऐवजी आधी आठवड्यातले चार दिवस करा. बागेचा हंगाम नसताना मालक लवकर येतात त्या दिवसांत सगळेच आठला बसा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीच्या दिवसांत ते उशिरा येणारच, तेव्हा तुमचं आधी होऊ द्या.

आणि हा पुढचा परिच्छेद मालकांना वाचायला द्या.

दादा, तुमच्या बागेत एखाद्या वेलीवर डावनी रोग दिसला तर तुम्ही त्याच दिवशी फवारणी करता, हंगाम संपायची वाट बघत नाही. तुमच्या बायकोची शुगर चार वर्षं वाढलेली आहे. तिला दुसरा स्वयंपाक नको आहे, महागडं पीठही नको आहे. तिला वेळेवर जेवायला मिळायला हवं आणि ताटात भाजी-उसळ पुरेशी हवी. 'तू जेवून घे, माझी वाट बघू नकोस' हे वाक्य तुम्ही स्वतः, आत्याबाईंच्या समोर, मोठ्यानं म्हणा. तुम्ही म्हणालात तर घरात त्यावर चर्चा होणार नाही. ती म्हणाली तर होईल.

आता ताटाविषयी. वेगळा स्वयंपाक करायचाच नाही. जे सगळ्यांना तेच तुम्हाला, फक्त प्रमाण आणि क्रम वेगळा. ताटाचा निम्मा भाग भाज्यांचा: मेथी, पोकळा, शेपू, चाकवत, दोडका, दुधी, गवार, पडवळ, वांगं, जे बाजारात स्वस्त असेल ते. बटाटा आणि रताळं या निम्म्यात धरायचं नाही, ते भाताच्या बाजूला. पाव भाग प्रथिनांचा: मटकी, मूग, हुलगा, चवळी, घट्ट डाळ, झुणका, दही, अंडं, मासा, कोंबडी. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. भाकरी एक घ्या, आणि घरातली भाकरी थाळीएवढी असेल तर अर्धीच. भात खावासा वाटला तर त्या वेळची भाकरी कमी करा आणि वाटीनं मोजून घ्या. रविवारी मटणाचा रस्सा असेल तेव्हा लक्ष रस्सा-भातावर जातं, तिथं फोडी आणि कांदा-काकडी आधी घ्या.

क्रम म्हणजे काय, तर पहिले काही घास भाजी, कोशिंबीर, उसळीचे आणि भाकरी नंतर. पोटात आधी चोथा आणि प्रथिनं गेली की मागून येणाऱ्या पिष्टाची साखर रक्तात हळूहळू उतरते. अन्न तेच, पण जेवणानंतर शुगर उसळते ती कमी उसळते. याला पैसा लागत नाही, फक्त भाकरीचा पहिला तुकडा मोडण्याआधी वाटी रिकामी करायची.

यासाठी रोजच्या भाजीत आणि उसळीत दीडपट वाढ करावी लागेल, आणि तुमची वाटी स्वयंपाक झाल्याबरोबर आधी बाजूला काढून ठेवावी लागेल. सगळ्यांना वाढून उरलं तर घेते, असं करू नका. मुलीला आणि मालकांनाही भाजी जास्त मिळेल, त्यात त्यांचं नुकसान नाही. भात मात्र मोजून लावा, म्हणजे सकाळी संपवायला उरणार नाही. उरलाच तर जनावरांना जाऊ द्या. अन्न वाया जाऊ नये ही भावना मला मान्य आहे, पण भूक नसताना ते तुमच्या पोटात गेलं तरी वायाच गेलं.

दुकानात 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटं आणि 'डायबेटिक' चिवडा मिळतो. बिस्किटांत मैदा असतोच आणि शुगर वाढते. त्यांवर पैसे घालू नका.

चालण्याचं. रोज तासभर चाला हा सल्ला गुडघे दुखणाऱ्या, पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला देऊन काय उपयोग? तुमचं जेवण साडेसातला झालं की लगेच दहा मिनिटं अंगणात किंवा घरासमोरच्या रस्त्यावर चाला. दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं, नाश्त्यानंतर दहा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेही लोकांवर हे करून पाहिलं आणि २०१६ साली प्रसिद्ध केलं. एका गटाला दिवसात केव्हाही तीस मिनिटं चालायला सांगितलं, नंतर त्याच लोकांना प्रत्येक जेवणानंतर दहा दहा मिनिटं. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. वेळ तीच तीस मिनिटांची. कारण सरळ आहे: अन्नातली साखर रक्तात यायला लागते त्याच वेळी पायांचे स्नायू ती खेचून घेतात. आत्याबाईंना सोबत घ्या, त्यांनाही बरं वाटेल आणि तुम्हाला भांडी टाकून उठायला निमित्त मिळेल.

तुम्ही म्हणाल, मी दिवसभर उभीच असते. खरं आहे, आणि ते थकवतं. पण उभं राहून स्नायू वाढत नाहीत. पाळी जाण्याच्या वयात बायकांचे स्नायू वेगानं झिजतात, आणि स्नायू हीच शरीरातली साखर वापरण्याची सगळ्यात मोठी जागा आहे. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठा-बसा, दहा वेळा, थोडं थांबून परत दहा वेळा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच करा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून दोन्ही तळव्यांनी भिंत रेटा. कळशी उचलता तशी पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन खांद्यापर्यंत वर-खाली करा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचं दुखणंही बऱ्याचदा कमी होतं.

रक्ताचं एक सांगायचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की पाळीत खूप जातं. हिमोग्लोबिन तपासलं आहे का? लोह कमी असेल तर तीन महिन्यांची सरासरी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. ८.९ मधला थोडा भाग त्याचाही असेल, किंवा नसेल, पण तपासल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा डॉक्टरांना पाळीबद्दल लाजून न सांगता राहू नका. जास्त जाण्याचं कारणही स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बघून घ्या. तळपायांच्या आगीचंही तसंच. मधुमेहानं पायांच्या नसा दुखावतात, हे एक कारण. पण मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांत बी१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, शाकाहार जास्त असेल तर आणखी, आणि त्यानंही तसाच त्रास होतो. ते रक्तात तपासता येतं आणि भरूनही काढता येतं. 'वय झालं, पाय जळायचेच' म्हणून सोडून देऊ नका.

पायांची काळजी आजपासून. बागेत अनवाणी जाऊ नका, काटा टोचला तरी कळणार नाही अशी वेळ येऊ शकते. रात्री झोपताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा, वाकता येत नसेल तर मुलीला दाखवा. वर्षातून एकदा डोळ्यांत औषध घालून मागच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल, आणि प्रत्येक भेटीत रक्तदाब. चार वर्षांत डोळे तपासले नसतील तर हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. डोळ्याच्या पडद्यावरचा बिघाड सुरुवातीला दुखत नाही की दिसण्यातही जाणवत नाही.

'या वयात बदलून उपयोग आहे का' हे तुम्ही विचारलंत. ताई, ४७ हे उशिराचं वय नाही. ब्रिटनमध्ये नुकतंच निदान झालेल्या मधुमेहींवर एक फार मोठा अभ्यास झाला. त्यात ज्यांची शुगर सुरुवातीची वर्षं नीट सांभाळली गेली, त्यांचा आणि इतरांचा शुगरचा फरक अभ्यास संपल्यावर वर्षभरातच मिटला. तरी पुढची दहा वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा डोळे, किडनी आणि हृदय यांचे त्रास त्या पहिल्या गटात कमीच राहिले. हे निष्कर्ष २००८ साली आले. आता सांभाळलेली वर्षं पुढे साठीत उपयोगी पडतात.

गोळ्या सुटतील का, याचं उत्तर मला प्रामाणिकपणे द्यायचं आहे, कारण या प्रश्नावर बाजारात फार खोटं विकलं जातं. ब्रिटनमध्येच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नाही आणि इन्सुलिन चालू नाही, अशा जाड लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा पातळ आहार दिला, दवाखान्याच्या देखरेखीखाली. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलोंहून जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्क्यांची. पण दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले, कारण काहींचं वजन परत आलं. म्हणजे शक्य आहे, आणि तुमची चार वर्षं त्या मुदतीत बसतात. पण ते लोक सरासरी शंभर किलोंच्या आसपासचे होते, तुम्ही ६८ च्या आहात. आणि ग्लिमेपिराइड चालू असताना घरच्या घरी इतकं कमी खाणं धोक्याचं आहे. तुमच्यासाठी पहिला पल्ला साडेतीन किलोंचा, म्हणजे वजनाच्या पाच टक्क्यांचा. सहा महिने द्या. तेवढ्यानंही शुगर, रक्तदाब आणि गुडघे यांच्यात फरक दिसतो. आणि हे बदल लागू पडायला लागले की गोळ्यांमध्ये पहिली कमी करावी लागते ती बहुतेक ग्लिमेपिराइडच. शुगर वरचेवर ९०-१०० च्या आसपास येऊ लागली की डॉक्टरांना लगेच कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. बहुतेकांसाठी सरासरी ७ च्या खाली हे लक्ष्य असतं, तुमचं नेमकं किती ते त्यांच्याकडून ठरवून घ्या.

या आठवड्यातली भेट झाली की पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या स्वस्त नसतात, रोज चार वेळा तपासायची गरज नाही. आठवडाभर रात्रीच्या जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासा, आणि पुढे काय जेवलात ते लिहा. त्यातले तीन दिवस जुन्या पद्धतीनं दहाला जेवा आणि चार दिवस साडेसातला, भाजी आधी आणि नंतर दहा मिनिटं चालून. दोन्हीतला फरक तुम्हाला तुमच्याच आकड्यांत दिसेल, आणि आत्याबाईंना दाखवायला तो कागद माझ्या पत्रापेक्षा जास्त कामाचा आहे.

उपासाचं शेवटचं. डॉक्टरांनी गोळीचा मेळ घालून दिल्यावर एखादी संकष्टी धरायची इच्छा असेल तर साबुदाणा नको. तो जवळजवळ सगळा पिष्टच असतो. बटाटाही नको. भगर मोजकीच, आणि तिच्याबरोबर दाण्यांची आमटी, दही किंवा ताक, काकडी, एखादं फळ, आणि दुपारी पोटभर काहीतरी हवंच. चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटी राहण्याचा उपास आता तुमच्यासाठी नाही. संध्याकाळी मशीन जवळ ठेवा आणि आकडा ७० कडे झुकला तर चंद्राची वाट न बघता उपास सोडा.

घरातल्या बाकीच्यांचीही एकदा तपासणी करून घ्या. मालकांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची, आत्याबाईंची तशीच. मुलगी लहान आहे, तिला आत्ता घाबरवू नका. पण आईला मधुमेह आहे हे तिला ठाऊक असू द्या, म्हणजे पुढे तिचं बाळंतपण येईल तेव्हा ती डॉक्टरांना ते आपण होऊन सांगेल.